सरोजाक्का भांडायला निघतात

सरोजाक्का भांडायला लागण्याआधी चष्मा काढतात. काढतात, घडी घालतात आणि ज्याच्या वतीनं भांडायचं असेल त्याच्या हातात देतात. पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातात चष्मा दिला तेव्हा मला वाटलं, प्रकरण हातघाईवर जाणार. नंतर कधीतरी विचारलं तर म्हणाल्या, "तसं काही नाही रे. समोरच्याचं तोंड स्पष्ट दिसलं की दया येते. मग मुद्दा निसटतो."

'ज्याच्या वतीनं' म्हणालो ते मुद्दाम. कारण अक्का स्वतःसाठी कधी भांडलेल्या मला आठवत नाहीत. त्या दुसऱ्यांची भांडणं भांडतात. बेंगळूरात राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत कुणावर अन्याय झाला की तो आधी अक्कांचं फाटक वाजवतो. शिंप्यानं ब्लाऊज बिघडवला, टँकरवाल्यानं पाणी शेजारच्या टाकीत ओतलं, वरच्या मजल्यावर पहाटे ग्राइंडर फिरायला लागला, काहीही असो. अक्का शांतपणे ऐकून घेतात, पायात चपला सरकवतात आणि म्हणतात, "सरी. मी बोलते. तू स्वल्प मागं उभा राहा. चेहरा तेवढा दुःखी ठेव."

चेहऱ्याबद्दल त्या फार काटेकोर. ग्राइंडरच्या भांडणात मला मध्येच हसू आलं, तर पायऱ्या उतरताना मलाच बोलल्या. "एनप्पा हेमंता, मी तुझी झोपमोड झाली म्हणून गळा काढत्ये आणि तू दात काढतोस? माझं काम किती कठीण करतोस तू!"

त्यांचं घराणं बेंगळूरात कित्येक पिढ्यांपासून. मराठी बोलतात पण कन्नडच्या चालीवर, आणि भांडताना भाषा विषयाप्रमाणे बदलते. हकिकत कन्नडमध्ये, कायदा इंग्लिशमध्ये, अपमान तमिळमध्ये. मराठी शेवटी, समेटाला. अक्का मराठीत बोलायला लागल्या की समजावं, जिंकल्या. आयुष्यभर त्यांनी टेलिफोन खात्यात तक्रारी ऐकण्याच्या टेबलावर नोकरी केली. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि उलट बोलायचं नाही. निवृत्त झाल्यावर साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं, असं माझं साधं सरळ अनुमान होतं. ते किती कच्चं होतं ते पुढे कळलं.

भांडण जिंकून आल्यावर अक्का आमच्याकडे बिनसाखरेची कॉफी घेतात आणि कप रिकामा झाल्यावरही बसून राहतात. घरी वाट बघणारं कुणी नाही. लग्न केलेलं नाही. का, हे गल्लीत कुणी विचारलेलं नाही. विचारणार कोण? ज्याच्या हातात आत्ता चष्मा आहे तो?

तर अशा सरोजाक्कांना आम्ही एकदा गाडीत घालून समुद्रकाठच्या एका गावी नेलं. माझ्या मुलीचं लग्न मोडायला.

माझी मुलगी रेवा. समुद्री कासवांचा अभ्यास करते. कारवारच्या बाजूला मच्छीमारांच्या एका छोट्या गावात जाऊन राहिली होती. गावाचं नाव सांगत नाही. त्या लोकांना ते आवडणार नाही. सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, वर्ष झालं, दुसरं लागलं. कासवांना वेळ लागतो असं आम्ही समजत होतो. दिवाळीला आली नाही आणि दिवाळीनंतर फोनवर म्हणाली, "आई, मी लग्न करायचं म्हणतेय. दिनेशशी."

"दिनेश कोण? तुमच्या ऑफिसात आहे?"

"नाही. त्याची होडी आहे."

माझी बायको वैशाली मूळची बेळगावची, शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "मला त्या लोकांबद्दल काही म्हणायचं नाही, पण..." तो 'पण' आमच्या घरात चार दिवस पुरला. पाचव्या दिवशी ती उठली आणि अक्कांच्या फाटकाशी गेली. मी नको म्हणालो. निदान मला तसं वाटतं. आवाज फुटला की नाही ते नक्की सांगता येत नाही.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. नेहमीसारखं लगेच "सरी" म्हणाल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "कधी निघायचं?"

हुबळीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घाट उतरलो. वाटेत अक्का तालीम करत होत्या. "मुलगी शिकलेली. मुलगा किती शिकला? समुद्राचा भरवसा काय? आजारी पडलं तर दवाखाना कुठं?" वैशाली मागच्या सीटवरून एकेक मुद्दा पुरवत होती. मी रस्त्याकडे बघत होतो.

दुपारी पोचलो. डांबरी रस्ता एका नारळाच्या बागेपाशी संपतो आणि पुढे वाळू. कौलारू घरं, वाळत घातलेली जाळी, उन्हात खारवलेल्या मासळीचा वास. माणूस दिसेना. कुत्रंही भुंकलं नाही. गाडीचं दार मी लावलं तर त्या आवाजानं आम्ही तिघंही दचकलो.

अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "अय्यो, इथं भांडायचं कसं? आपल्याकडे बसचा आवाज असतो, मिक्सर असतो, त्याच्यावर आपला आवाज चढवायचा. इथं नुसतं खोकलं तरी गावभर जाईल."

दिनेशचं घर शेवटचं. पायरीवर एक बाई उभी होती. काटक, पन्नाशीची, हिरवं लुगडं. दिनेशची आई, पार्वतीबाय. आम्ही कोण हे सांगावं लागलं नाही. "येयात, बसात," म्हणाली. पाणी आणि गूळ आणून ठेवला. रेवा कुठे आहे विचारलं तर हातानं समुद्राकडे दाखवलं. बोलताना ती आमच्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, राग. साहजिक आहे म्हटलं.

वैशालीनं अक्कांना कोपरानं ढोसलं. अक्कांनी चष्मा काढला, घडी घातली, माझ्या हातात दिला. मी चेहरा दुःखी केला. करावा लागला नाही, होताच.

"हे बघा बाई," अक्कांनी सुरुवात केली. इथे मराठी कळतं म्हणून थेट मराठीतच. "आम्ही मुलीकडची माणसं. स्पष्ट बोलते, राग मानू नका. लग्न म्हणजे पोरखेळ नव्हे. आमची मुलगी कशात वाढली, तुमचं घर कसं, याचा तुम्ही काही विचार..."

पार्वतीबाय अक्कांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"बाई, मी बोलत्ये! तुमचं लक्ष कुठं आहे?"

"होडी येवंक ना, बाय," ती म्हणाली. मग आम्हाला कळावं म्हणून सावकाश मराठीत, "सगळ्यांच्या आल्या. दिनेशची आली नाही. सकाळपासून वारा फिरलाय."

तेव्हा मला पहिल्यांदा समुद्र ऐकू आला. इतका वेळ तो तिथेच होता, पण आमच्या डोक्यात आमचेच मुद्दे.

अक्कांनी न बघता माझ्याकडे हात केला. "चष्मा दे."

माडांच्या रांगेपलीकडे गेलो आणि गाव का रिकामं होतं ते समजलं. सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा आडवा बांध आहे, आणि त्यावर लाटा फुटून पांढरा फेस नुसता उसळत होता. बाहेर पडायची आणि आत यायची वाट तीच. आभाळ मळकट, वारा अंगाला ढकलणारा. रेवा गुडघाभर पाण्यात उभी होती. तिनं मागे वळून आम्हाला पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. मी जवळ गेलो.

"दोघं आहेत," ती म्हणाली. "तो आणि त्याचा मामा. इंजिन बंद पडलं असेल. बाबा, इंजिन बंद पडलं की होडी आडवी होते लाटेला."

तिचे ओठ पांढरे पडले होते. बेंगळूरात मारतहळ्ळीला एसी ऑफिसात बसून मी ज्या गोष्टींची काळजी करतो त्यातली एकही मला त्या क्षणी आठवेना.

तेवढ्यात मागून अक्कांचा आवाज आला. किनाऱ्यावर ओळीनं उभ्या असलेल्या पुरुषांना त्यांनी कन्नडमध्ये धरलं होतं. "बघत काय उभे राहिलात? इतक्या होड्या आहेत, इतके गडी आहात! काढा की एक! तिथं पोरगा बुडत असेल आणि तुम्ही हाताची घडी घालून?"

एक म्हातारा पुढे आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आवाज न चढवता म्हणाला, "अक्का, आत्ता तोंडावर लाट फुटतेय. गेलो तर आम्हीच उलटू. भरती भरू दे. पाणी चढलं की वाट होते."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत थांबायचं."

"थांबायचं म्हणजे? कुणाला कळवलं का? पोलीस? आणखी कोण असतील ते?"

"कळवलंय. त्यांची बोट निघालीय. लांबून यायचंय तिला."

अक्कांना ते पटेना. त्यांनी एकाच्या हातातला फोन घेतला, त्या बोटवाल्यांना लावायला लावला आणि इंग्लिश सुरू केलं. पलीकडचा माणूस फारच सभ्य निघाला असावा. अक्का दोन वाक्यं बोलल्या आणि गप्प झाल्या. "हो... हो, बरं... सावकाश या. म्हणजे, लवकर या, पण तुम्ही पण जपून," म्हणाल्या आणि फोन परत दिला.

त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. भांडायला कुणीच नव्हतं. सगळे जण त्यांच्याच बाजूचे. शेवटी त्या समुद्राकडे वळल्या आणि तमिळमध्ये काहीतरी बोलल्या. दोनच शब्द होते, पण शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ते कळले असावेत. त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "आम्ही पण रोज हेच म्हणतो."

पार्वतीबाय येऊन वाळूत बसली. रडत नव्हती. हात मांडीवर, नजर समोर. तिच्या आसपास बायका होत्या पण कुणी तिला समजावत नव्हतं. नुसत्या जवळ बसल्या होत्या. अक्का तिथे गेल्या. गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही म्हणून त्या आमच्या घरी पाटावरसुद्धा बसत नाहीत. इथे माझ्या दंडाला धरून वाळूत बसल्या. पार्वतीबायच्या खांद्याला खांदा लावून.

वैशाली मात्र लांब एका उलट्या होडीपाशी एकटीच उभी होती. ती ज्याला येऊ देत नव्हती तो आता येतच नव्हता. कितीतरी वेळानं तिनं चपला काढून ठेवल्या आणि साडीसकट पाण्यात शिरली. रेवाशेजारी जाऊन उभी राहिली. आधी दोघींत अंतर होतं. एक मोठी लाट आली तेव्हा वैशालीनं तिचं मनगट पकडलं, आणि लाट गेल्यावरही सोडलं नाही.

दिवस उतरायला लागला. पाणी चढत चढत आमच्या पायांपर्यंत आलं. म्हाताऱ्यानं एकदा नदीच्या मुखाकडे बघितलं आणि मान हलवली. चार गड्यांनी होडी ढकलली. ती फेसाशी पोचली, पुढच्या टोकाची नाळ आभाळाकडे उचलली गेली, खाली आपटली, दिसेनाशी झाली. पुन्हा दिसली. पार झाली.

आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. दक्षिणेकडच्या डोंगराच्या नाकाआडून दोन होड्या येत होत्या. पुढची मोठी, परक्या गावची. तिच्यामागे दोरानं बांधलेली एक छोटी.

"आमचीच," पार्वतीबाय म्हणाली. उभी राहिली.

छोट्या होडीत एकच माणूस दिसत होता. सुकाणूपाशी, वाकलेला, डोक्यावर पांढरे केस.

"मामा," रेवा म्हणाली. तेवढंच.

कुणी मोजत नव्हतं आणि सगळेच मोजत होते. एक. अक्कांनी चष्मा पदरानं पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. "मला एकच दिसतोय रे," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "हेमंता, तू बघ. माझे डोळे नीट नाहीत. तू बघ ना." मी बघत होतो. माझे डोळे नीट होते आणि मलाही एकच दिसत होता.

होडी एका लाटेवर चढली आणि तिची पोकळी क्षणभर आमच्या बाजूला कलली. तळाशी कुणीतरी बसलं होतं. डबडं भरून पाणी बाहेर फेकत होतं. पुन्हा वाकून, पुन्हा भरून.

पार्वतीबाय खाली बसली. आता मात्र ती रडली.

होड्या आत आल्या. दिनेश उतरला तो नखशिखांत भिजलेला, एका हाताला फडकं बांधलेलं, थंडीनं दात वाजत होते. सावळा, रुंद खांद्यांचा, चेहऱ्यानं अगदीच पोरसवदा. मला वाटलं, आता रेवा धावत जाईल. ती गेली, आणि त्याच्यासमोर उभी राहून भांडायला लागली. कोकणीत. एका दमात. मला त्यातलं 'वारें' आणि 'सांगिल्लें' एवढंच कळलं, पण मुद्दा स्पष्ट होता. वारा फिरणार हे तिनं सकाळी सांगितलं होतं आणि त्यानं ऐकलं नव्हतं. तो पोरगा कुडकुडत, मान खाली घालून ऐकत होता. भोवती गाव उभं. मामा हळूच होडीमागे सरकला.

अक्का ते सगळं जाणकाराच्या नजरेनं बघत होत्या. "चांगली भांडते," म्हणाल्या. "चष्मा न काढता भांडते. हिला माझी गरज नाही."

रात्री त्यांच्याच ओसरीवर जेवलो. आम्ही मासे खात नाही म्हणून पार्वतीबायनं वेगळं वरण केलं होतं. अक्कांनी मात्र मासे मागून घेतले. वैशालीनं त्यांच्याकडे पाहिलं. आज सकाळपर्यंत त्या नजरेचा अर्थ 'बोला ना आता' असा झाला असता. आता तो काय होता, मला नीट कळलं नाही, बहुतेक तिलाही नाही. अक्का म्हणाल्या, "जेवताना मी भांडत नाही." सकाळी म्हणाल्या, "चहाच्या आधी मला सुचत नाही." चहानंतर त्या पार्वतीबायबरोबर मासळी वाळवायला गेल्या आणि हात माखून परत आल्या.

निघताना वैशालीच पुढे झाली. पार्वतीबायला म्हणाली, "त्याच्या हाताला टाके घालून घ्या. आणि बरं वाटलं की दोघं... म्हणजे तुम्ही सगळेच, बेंगळूरला या. बोलायचं आहे ते तिथे निवांत बोलू."

परत येताना अक्का माझ्या शेजारी पुढे बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमकूर रस्त्यानं बेंगळूरात शिरलो. पीण्याचा कारखान्यांचा भाग आला. समोर उड्डाणपूल. मी वर चढायला लेन बदलली तर अक्का म्हणाल्या, "वरून नको. खालून घे."

"खाली ट्रॅफिक आहे, अक्का. तास जाईल."

"जाऊंदे."

खालून घेतली. थोड्याच अंतरावर अडकलो. बस, ट्रक, कारखान्यांतून सुटलेली माणसं. अक्कांनी काच खाली केली. डावीकडे एक फरशी-टाइल्सचं मोठं दुकान होतं, झगझगीत दिव्यांचं.

"तिथं कारखान्याचं गेट होतं," त्या म्हणाल्या. "तिथून तो सुटायचा. कोलारकडचा. लेथ मशीनवर होता. आपल्यातला नव्हता. माझी बस इथं थांबायची आणि तो चढायचा."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"मग आमचे थोरले भाऊ, अण्णा, गेले त्याच्या घरी. भांडायला. मला पण नेलं होतं सोबत. अण्णांचं बोलणं फार चांगलं. एकसुद्धा वाईट शब्द नाही, सगळे मुद्दे बरोबर. त्याची आई चुलीपाशी बसली होती, ती काहीच बोलली नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी म्हणावं म्हणून. परत येताना अण्णा खूश होते. पूर्ण भांडण जिंकून आले होते."

"आणि तुम्ही काय म्हणालात? तिथे?"

"मी?" अक्का दुकानाकडे बघत म्हणाल्या. "मला तेव्हा भांडता येत नव्हतं रे."

पुढची बस हलली. मागून हॉर्न वाजायला लागले, कुणी काचेवर थाप मारून गेला. मी गाडी काढली नाही. मागच्या सीटवर वैशाली झोपली आहे अशी माझी समजूत होती. तिचा हात पुढे आला आणि अक्कांच्या खांद्यावर राहिला.